खालची रांग

ओगावाबाईंची मेल आली तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खात होतो. ऑफिसात मायक्रोवेव्हपुढे रांग असते, आणि रांगेत उभं राहण्याची माझी हौस केव्हाच फिटली आहे, म्हणून गार पोळीभाजी गाडीत. मेल खरं तर रुचाला होती, मला फक्त कॉपी. हामामात्सू नावाच्या गावात आवाज मोजायची यंत्रं बनवणारी एक लहानशी कंपनी आहे, तिथं माझ्या मुलीला नोकरी लागली होती आणि कागदपत्रांचं सगळं या ओगावाबाई पाहत होत्या. जपानात परदेशी माणसाला नोकरीवर घ्यायचं तर आधी तिथल्या इमिग्रेशनकडून पात्रतेचा एक दाखला काढावा लागतो. तो कंपनी काढते, मग त्याच्या जोरावर इथल्या जपानी वकिलातीत व्हिसा मिळतो. त्या दाखल्याचा अर्ज आम्ही भरून पाठवला होता आणि बाईंनी तो परत पाठवला होता. एकच रकाना पिवळा केलेला. होमटाउन. रुचानं तिथं शिकागोजवळचं आमचं हे गाव, शॉमबर्ग, इलिनॉय असं लिहिलं होतं. बाईंचं म्हणणं, पासपोर्ट ज्या देशाचा, त्या देशातलं गाव इथं हवं. आधी माफी मागून, मग आभार मानून, मग पुन्हा माफी मागून त्यांनी एवढंच विचारलं होतं. मी डबा झाकला आणि मेल पुन्हा वाचली.

ही चूक माझ्या नजरेतून सुटावी याची मला लाज वाटली. फॉर्म हा माझा प्रांत. इथल्या महाराष्ट्र मंडळात पोरं मला फॉर्मकाका म्हणतात. कुणाचा पासपोर्ट रिन्यू करायचा असतो, कुणाच्या सासूसासऱ्यांचा टूरिस्ट व्हिसा काढायचा असतो, आणि लोक गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचा द्रोण हातात घेऊन मला कोपऱ्यात गाठतात. मी काळ्या शाईचं पेन वापरतो, आडनाव आधी की नाव आधी ते दोनदा बघतो आणि प्रत्येक कागदाची प्रिंट काढतो. मेल आली की तिची प्रिंट, मी उत्तर दिलं की त्याची प्रिंट, दोन्ही पाठीला पाठ लावून प्लास्टिकच्या एका पाकिटात, तारखेच्या क्रमानं. व्हिसावर आलेल्या आमच्यासारख्यांच्या घरोघरी अशी एक जाडजूड फाइल असते. घराला आग लागली तर आधी काय उचलायचं, फाइल की पोर, असा एक विनोद आम्ही पार्ट्यांमध्ये करतो आणि सगळे हसतात. मी हा विनोद निदान वीस वेळा केला असेल. आमची फाइल निळी आहे, तीन रिंगांची, हॉलमधल्या कपाटात कोटांच्या खाली.

नागपुरातून निघालो तेव्हा रुचा साडेपाच वर्षांची होती. दोन दात पडलेले, हातात पाण्याची बाटली. ती किंडरगार्टनपासून इथलीच. शाळेत सकाळी छातीवर हात ठेवून इथल्या झेंड्याची शपथ म्हणत मोठी झाली. पण कागदावर ती माझ्या व्हिसाला टाचलेली आहे, आणि मुलांना असं टाचून ठेवायची मुदत एकविसाव्या वाढदिवसापर्यंत असते. त्या दिवशी मूल आपोआप सुटं होतं. त्याआधी आईबापांना ग्रीन कार्ड मिळालं तर मूलही तरतं. नाहीतर त्यानं स्वतःचा दुसरा व्हिसा बघायचा किंवा देश सोडायचा. रुचाचा वाढदिवस चौदा नोव्हेंबरचा. जुलै चालू होता.

त्या संध्याकाळी ओटा पुसता पुसता शुभा, माझी बायको, म्हणाली, "लिही ना मग नागपूर, धरमपेठ. खोटं थोडंच आहे?" खोटं नव्हतंच. पण धरमपेठेतला फ्लॅट विकून नऊ वर्षं झाली आणि तिथल्या बेलवर आता दुसऱ्याच कुणाचं नाव आहे. रुचा टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. "मला तिथलं काय आठवतं माहितेय, बाबा? तो कूलर. वाळ्याचा तो ओला स्मेल. बाकी काहीच नाही. स्मेलला होमटाउन म्हणतात का?" ती हसत होती, म्हणून आम्हीही हसलो. जुना पत्ता पिनकोडसकट बिनचूक हवा म्हणून मी कोट बाजूला करून फाइल काढली. खरं सांगायचं तर आणखी एका कारणासाठी काढली. रुचा जाणार म्हणजे तिचे कागद वेगळे करावे लागणार, कुणीतरी ही फाइल पानन्‌पान चाळणार, आणि दोन हजार वीसच्या ऑक्टोबरातलं एक पाकीट त्याआधी मला काढून टाकायचं होतं. पाकीट जागेवर होतं. आत काहीच नव्हतं.

त्या पाकिटात काय होतं हे शब्दन्‌शब्द मला पाठ आहे. आमच्यासारख्यांना ग्रीन कार्डासाठी दोन रांगा असतात. वरची मास्टर्स केलेल्यांची, खालची पदवीवाल्यांची. अर्जाची तारीख हाच रांगेतला नंबर; माझा डिसेंबर २०१४चा, वरच्या रांगेतला. वरची रांग लवकर सरकते असा सगळ्यांचा समज, आणि बरीच वर्षं तो खराही होता. मग त्या ऑक्टोबरात काय झालं कुणास ठाऊक, खालची रांग एकदम धावली आणि माझ्या तारखेच्या पुढे गेली. कंपनीच्या वकीलबाईंनी मला मेल पाठवली: तुम्ही खालच्या रांगेतून अर्ज करता का? तुमची वरची जागाही शाबूत राहील. आत्ता अर्ज केलात तर तुमच्या मुलीच्या वयाचा प्रश्नही बहुधा सुटेल, आठवड्याभरात कळवा. माझा मित्र देवदत्त त्याच महिन्यात खाली उतरला. त्याच्याकडे मास्टर्स होतं, माझ्याहून चांगल्या कॉलेजचं. मी त्याला फोनवर म्हणालो, "काय देवा, डिमोशन घेतलंस म्हणे?" तो म्हणाला, "यार, पोरीसाठी घेतलं. तू पण घे." मला त्याची कीव आली होती, हे मला आज लिहिताना लिहवत नाही. मी वकीलबाईंना दोन ओळींचं उत्तर पाठवलं. ज्या श्रेणीसाठी मी शिकलो आहे त्याच श्रेणीत राहणं मला पसंत आहे. माय डॉटर इज ओन्ली फिफ्टीन, वुई हॅव प्लेंटी ऑफ टाइम. शुभाला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही. नेहमीसारखी दोन्ही मेलींची प्रिंट काढली, छोट्याच म्हणून एकाच कागदावर, आणि पाकिटात घातली. पुढे दोन वर्षांनी देवदत्तच्या घरी कार्डं आली. त्याच सुमाराला आमची वरची रांग माझ्या तारखेच्या दोन आठवडे अलीकडे येऊन थांबली आणि मग काही वर्षं मागे गेली. देवदत्तची अनन्या आता मिशिगनला शिकते आणि तिला स्वतःच्या वाढदिवसाची भीती वाटत नाही.

मग तो कागद कुणी घेतला? या घरात आम्ही तिघंच. जुलैपासून मी शुभाच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती वरणाला फोडणी देते तेव्हा, गाडीत शेजारी बसून फोन बघते तेव्हा, ती मला विचारते की दूध संपलंय का तेव्हा. तिला ठाऊक असेल तर ती इतक्या साध्या आवाजात दुधाचं कसं विचारेल? आणि ठाऊक नसेल तर कधी कळेल? शुभा अशी बाई आहे की भांडायचं असेल तर त्याच मिनिटाला भांडते, मनात ठेवत नाही. तिचे वडील गेले तेव्हा आम्ही जाऊ शकलो नाही. पासपोर्टवरच्या आमच्या व्हिसाच्या शिक्क्यांची मुदत संपलेली, एकदा बाहेर पडलो तर परत येण्याची खात्री नाही, अशी आमची गत. ती फोनच्या पडद्यावर सगळं बघत बसली आणि शेवटी मला म्हणाली, "हे मी तुला कधी विसरू देणार नाही." आणि दुसऱ्या दिवशी विसरली. तिच्या विसरण्यावरच आमचा संसार चालला आहे. पण हे ती विसरणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, कारण ही तिची मुलगी होती. आणि रुचाला माहीत असेल हा विचार तर मी मनात येऊच देत नव्हतो. तो येऊ लागला की मी उठून पाणी पीत असे.

ऑगस्टमध्ये मी शेवटचा प्रयत्न केला. शनिवारी सकाळी रुचाला आर्लिंग्टन हाइट्सच्या जपानी दुकानात सोडायला चाललो होतो. हायस्कूलपासून ती सुटीत तिथल्या बेकरीत जाऊन बसते, जपानी तिथल्या लोकांशी बोलूनच शिकली. मी म्हणालो, मास्टर्सला ॲडमिशन घे, स्टुडंट व्हिसा मिळेल, दोन वर्षं निघतील.

"आणि मग?"

"मग नोकरी. कंपनी तुझं नाव व्हिसाच्या लॉटरीत घालेल. नंबर लागला की माझ्यासारखा व्हिसा."

"आणि मग?"

"मग ग्रीन कार्डची रांग."

"कुठल्या रांगेत, बाबा?"

ती खिडकीबाहेर बघत होती. मी सिग्नलला नीट थांबलो, नीट निघालो. ती पुढे म्हणाली, "तिकडे नॉर्मली दहा वर्षं झाली की पर्मनंटसाठी अप्लाय करता येतं. दहा म्हणजे दहा. They actually tell you the number. मला बास तेवढंच पाहिजे." दुकानाच्या दारात उतरताना तिनं मला विचारलं की मेलनपान, तो गोड पाव, आणू का, तुला आवडतो ना. मी हो म्हणालो. घरी परतताना मी दोनदा रस्ता चुकलो, या रस्त्यावरून मी पंधरा वर्षं जातो आहे.

मी तिच्याविषयी फार बढाया मारल्या आहेत. हायस्कूलमध्ये असतानाच ती कॉलेजचे कोर्स घ्यायला लागली. उन्हाळ्यात बाकीची पोरं तळ्यावर जायची, ही कम्युनिटी कॉलेजमध्ये कॅलक्युलस. नाटकात होती ते सोडलं, व्हायोलिन सोडलं. शुभा म्हणायची, अगं जरा दमानं घे. मी म्हणायचो, घेऊ दे, आपल्याकडची मुलं अशीच पुढे जातात. कॉलेजची चार वर्षं तिनं अडीच वर्षांत संपवली, विसाव्या वर्षी इंजिनिअर. मंडळाच्या दिवाळीत मी माइकवरून हे सांगितलं होतं. टाळ्या पडल्या. ती मागच्या रांगेत उभी होती, टाळ्या वाजत असताना तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं होतं की ती लाजली.

दाखला ऑक्टोबरच्या शेवटी आला. धरमपेठ, नागपूर हे गाव जपान सरकारला पसंत पडलं. ओगावाबाईंनी अभिनंदन केलं आणि हामामात्सूत थंडी फार नसते पण वारा असतो, चांगला कोट आणावा असं कळवलं. शिकागोच्या थंडीतून येणाऱ्या मुलीला कोट आणायला सांगणाऱ्या या बाईचा मला एकदम आधार वाटला. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पाहण्याचा योगही नाही. इथून बाहेर पडणं मला शक्य नाही. रुचाला टूरिस्ट म्हणून तरी इथं येऊ देतील का, ते कुणी सांगू शकत नाही. म्हणजे आमची पुढची भेट कुठल्याच फॉर्मवर लिहिलेली नव्हती. शुभानं भाजणी केली, गोडा मसाला केला, आणि रोज सकाळी वजनाच्या काट्याला बॅग टांगून ती अर्धा किलो काढायची नि पाऊण किलो भरायची.

सहा नोव्हेंबरला व्हिसा लागलेला पासपोर्ट आणायला मी आणि रुचा डाउनटाउनला गेलो. शुभा डे-केअरमध्ये नोकरी करते, तिला सुटी मिळाली नाही. वकिलातीत आत जायला रांग नव्हती. काचेपलीकडच्या बाईनं दोन्ही हातांनी पासपोर्ट पुढे केला, रुचानं दोन्ही हातांनी घेतला, दोघी किंचित वाकल्या. सगळं मिळून चार मिनिटं. मला राग आला. चार मिनिटांत एक देश माझ्या मुलीला घेतो आणि मी पंधरा वर्षं इथं माझं नाव पुकारण्याची वाट बघतो. मग राग ओसरला आणि खाली काय होतं ते दिसलं. या काचेपुढे मीच तिला आणून उभं केलं होतं, दोन ओळी लिहून.

गाडी मिशिगन अव्हेन्यूखालच्या पार्किंगमध्ये होती. आत बसलो, दारं लावली, पण गाडी सुरू केली नाही. तिथं मोबाइलला रेंज नसते, म्हणून रुचा फोन ठेवून पासपोर्टवरचा व्हिसा बघत होती. त्यावर चेरीची फुलं छापलेली असतात.

"रुचा, मला तुला एक सांगायचंय. तू पंधरा वर्षांची होतीस, कोविडचं वर्ष. ऑक्टोबरात मला वकिलाची—"

"I know, बाबा."

मी तिच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या खांबावर चार-बी असं लिहिलं होतं, ते वाचलं.

"ड्रायव्हिंग लायसन्सच्या वेळी," ती म्हणाली. "तू म्हणालास फाइलमधून माझी अप्रूव्हल नोटीस काढून आण. मी सगळी फाइल वाचली. तुझं सगळं डेटवाइज लावलेलं असतं ना, नीट कळतं."

"तेव्हाच घेतलास कागद?"

"आईला दिसायला नको म्हणून." तिनं पायाशी ठेवलेल्या पिशवीतून एक फाइल काढली. निळी, तीन रिंगांची, अगदी नवी आणि अजून बारीक. जपानचे सगळे कागद तिनं प्रिंट काढून पाकिटांत लावले होते, ओगावाबाईंची प्रत्येक मेल, तिचं प्रत्येक उत्तर, पाठीला पाठ लावून. सगळ्यांत शेवटच्या पाकिटात तो होता. घड्या पडून मऊ झालेला, कोपरे गेलेले. हा कागद फाइलमध्ये राहिलेला नव्हता. तो खूपदा उघडून वाचला गेला होता. "फेकणार होते, पण जमलं नाही. तूच म्हणतोस ना, कुठलाही कागद फेकायचा नाही."

मी तिला विचारलं की तू मला बोलली का नाहीस.

"बोलून काय झालं असतं? डेट गेली होती. I was so mad at you. जवळजवळ वर्षभर. तू कार चालवायला शिकवत होतास आणि मी आतल्या आत..." ती थांबली. "मग मी बसून कॅलेंडर काढलं. ट्वेंटी-वन व्हायच्या आत डिग्री पाहिजे, नाहीतर कुठलीच कंट्री वर्क व्हिसा देणार नाही. म्हणून ते कोर्सेस. तुला वाटायचं मला हौस आहे."

व्हायोलिन तिनं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं तो दिवस मला आठवला. मी खालून म्हणालो होतो, शाबास, फोकस पाहिजे. आठ वर्षं वाजवलेलं व्हायोलिन सोळा वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या हातानं वर ठेवून दिलं, आणि खाली उभा राहून मी तिला शाबासकी दिली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडलो. मुलीसमोर मी कधी रडलो नव्हतो. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, थोपटला नाही, नुसता ठेवला. मी म्हणालो की मला माफ कर. ती म्हणाली, "माहीत नाही, बाबा. I don't think it works like that. पण मी आता रागावलेली नाहीये. कंटाळले रागवून."

"मी आज आईला सांगतो," मी म्हणालो. "घरी गेल्या गेल्या."

"नको." हे ती पटकन म्हणाली. "प्लीज नको. तू सांगशील आणि तुला मोकळं वाटेल. मी पुढच्या बुधवारी जाणार. मग घरात तुम्ही दोघंच. तिला तुझा एवढा राग येईल आणि सांगायला कुणी नसेल. I won't be there. तिला फक्त तू आहेस."

तिनं तो कागद पुन्हा घडी न घालता पाकिटात सरकवला, फाइल बंद केली, पिशवीत ठेवली आणि पिशवीची चेन लावली. "हा माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. मी गाडी सुरू केली. वर रस्त्यावर आलो तेव्हा तळ्याकडून वारा सुटला होता आणि तिचा फोन पाठोपाठ चारदा वाजला. आई, ती म्हणाली, आणि नेहमीच्या आवाजात बोलू लागली. हो, मिळाला. हो, खाल्लं. नाही, बाबांनी फास्ट नाही चालवली. इतका साधा आवाज. तेव्हा मला कळलं की आपल्या घरात कुणाला एवढं लपवता येत असेल हे मला का सुचलं नव्हतं. ती पाच वर्षं याच आवाजात माझ्याशी बोलत होती.

घरी शुभा बॅगेशेजारी जमिनीवर बसली होती. कामावरून आल्यावर तिनं कोटही काढला नव्हता. रुचानं पासपोर्ट तिच्या हातात दिला आणि आंघोळीला वर गेली. शुभानं चष्मा लावून व्हिसा वाचला, नाव बरोबर आहे का पाहिलं, जन्मतारीख पाहिली, फुलांवरून बोट फिरवलं. मग पासपोर्ट मिटून मांडीवर ठेवला.

"किती सुरेख दिलाय बघ," ती म्हणाली. "तीन-चार महिन्यांत दिला त्यांनी. आणि आपण इथं आयुष्य घातलं. तू काय कमी केलंस? एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाहीस कधी." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या लक्षात नव्हतं. "आपलं नशीबच फुटकं, प्रल्हाद. आपल्या हातात काही नव्हतंच रे."

वर पाण्याचा आवाज थांबला होता. मी तिच्याजवळ खाली बसलो.

"हो," मी म्हणालो.